बांगड्याचे शास्त्रीय नाव कसे म्हणायचे?

रत्नागिरी-मालवणहून घाट चढून कोल्हापुरात येणारा बांगडा प्राणिशास्त्राच्या पुस्तकात कुणी ‘रास्ट्रेलिगर कानागुर्टा’ वाचतो, कुणी ‘रास्ट्रेलिजर’. दोन्ही चालतात. जुन्या लॅटिनमध्ये ‘जी’ म्हणजे नेहमी ‘ग’. इंग्रजी परंपरेत पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आले की ‘ज’. प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता स्पेलिंगबाबत काटेकोर आहे, पण उच्चाराची सक्ती करत नाही.

तरी काही चुका टाळाव्यातच. ग्रीक मुळाच्या शब्दांत ‘सीएच’चा उच्चार ‘क’ होतो. म्हणून वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव ‘लेपिडोकेलिस’, ‘लेपिडोचेलिस’ नव्हे. शेवटचा ‘ई’ गिळायचा नाही: ‘युनिसी’ किंवा ‘युनायसी’ हा समुद्री वलयांकित कृमी आहे, ‘युनिस’ म्हटले की ते मुलीचे नाव होते. सुरुवातीच्या ‘पीटी’तला ‘प’ इंग्रजी परंपरेत मुका असतो. त्यामुळे विषारी काट्यांचा लायनफिश ‘टेरॉइस’.

नावात गाव, नदी किंवा माणूस असेल तर मूळ भाषेचा उच्चार राखावा. आंबोलीच्या गोड्या पाण्यातल्या माशाला 2020 मध्ये ‘स्किस्टुरा हिरण्यकेशी’ नाव मिळाले. पुढे आजरा-गडहिंग्लजमधून वाहणाऱ्या या नदीचे नाव आपणच इंग्रजी वळणाने कशाला उच्चारायचे?

मराठी विद्यार्थ्यांना जुन्या लॅटिनची पद्धत सोपी जाते, कारण तिचे स्वर आपल्या अ, इ, उ, ए, ओ यांच्या जवळचे आहेत. तोंडी परीक्षेला जाताना कोणतीही एक पद्धत धरा आणि नाव न अडखळता, पूर्ण म्हणा.