माशीच्या नावाआधी

सकाळी ७:००
नोव्हेंबर. महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. कपाशीवर दव आहे. ऊन तापल्याशिवाय मधमाशीच्या नात्यातल्या, घाम चाटणाऱ्या बारक्या माशा निघत नाहीत. कीटक अभ्यासणारी ताई तोवर जाळीचं भोक शिवते. सुईदोरा दहा रुपयांचा.

सकाळी ९:३०
तूर फुलोऱ्यात आहे. शेजारी बाया कापूस वेचतात. मजुरी किलोमागे दहा रुपये. एकीच्या मनगटावर बारकी काळी माशी बसते आणि घाम चाटते. तिला त्यातलं मीठ हवं असतं.
"ताई, हे कायले पकडता?"
"तिचं नाव शोधायचंय, मावशी."
मावशी हात स्थिर धरते. ताई वरून काचेची नळी ठेवते.

दुपारी १२:३०
बांधावर भाकर, ठेचा. पायाशी उघड्या मातीत बारीक भोकं. अशा माशांची मादी जमिनीत बीळ करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते. ताई जागा वहीत टिपते.

दुपारी ४:००
खोलीवर. इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत मेलेली माशी जेमतेम पाच मिलिमीटर. टाचणी आरपार घातली तर छाती फुटेल. म्हणून कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला डिंकाचा ठिपका, त्यावर माशी. टाचणी कागदातून.

संध्याकाळी ६:००
शेतात काटा होतो. मावशीचा कापूस बेचाळीस किलो. चारशे वीस रुपये.

रात्री ८:००
सूक्ष्मदर्शक. पंखातली एक शीर धनुष्यासारखी वाकलेली, म्हणजे कुळ हॅलिक्टिडी. पोटावर पांढऱ्या केसांचे पट्टे. ते प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेला असते, तर हॅलिक्टस. इथे ते मुळाशी आहेत आणि पंखाच्या बाहेरच्या शिरा पुसट. वंश लॅसिओग्लॉसम. कीटक अभ्यासक बिंगहॅमच्या १८९७ च्या ग्रंथात अशा माशाही हॅलिक्टसमध्येच घातल्या होत्या.
प्रजाती मात्र जुळत नाही. आता पुण्याला, आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. खरंच नवी निघाली, तर एक नमुना नावाचा आधार म्हणून ठरवायचा, वर्णन छापायचं. त्याशिवाय नाव लागत नाही.

रात्री ९:३०
चिठ्ठी लिहायची. फुलसावंगी, यवतमाळ. तारीख. अक्षांश-रेखांश. "कापूस वेचणाऱ्या बाईच्या मनगटावर, घाम चाटताना." पुढे कुणी वंश बदलेल, नावही बदलेल. ठिकाण आणि तारीख मात्र याच चिठ्ठीतून कळणार. ताई प्रत्येक आकडा वहीशी दोनदा ताडते, मगच चिठ्ठी टाचणीला लावते.