आगोटीआधीची शाकारणी

मे महिना अर्धा उलटला की तापीकाठच्या गावांत जुन्या घरांच्या धाब्यांवर माणसं दिसू लागतात. याच काठावरचा, खानदेशातला शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण. इथे पाऊस फार होईल याची धास्ती कमी, होईल की नाही याचीच काळजी जास्त. तरीही धाब्यावर खाऱ्या मातीचा नवा थर पसरून, चोपून, पन्हळी मोकळ्या करून घेतल्याशिवाय जाणती माणसं मृगाला सामोरी जात नाहीत. नेमक्या त्याच पंधरवड्यात कोकणातल्या खाड्यांच्या काठी होड्यांची शाकारणी चालू असते. लहान मचव्यांपासून चाळीस-पन्नास फुटी यॉटपर्यंत जे जे पाण्याबाहेर काढता येतं ते काढलं जातं, धुतलं जातं, झाकलं जातं.

थंड देशांत शिडाच्या बोटी हिवाळ्यासाठी बाहेर काढतात. तिथला शत्रू बर्फ. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनात राहिलेलं थोडंसं पाणीही लोखंडी ब्लॉक तडकवायला पुरतं. आपल्याकडे बोटीचा हंगाम ठरवतो तो पाऊस. मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम ऑक्टोबर ते मे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. पण बोटी कधी पाण्यात ठेवायच्या आणि कधी नाही, हे वेळापत्रक त्याच्याही कितीतरी आधीचं आहे.

नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर चालून येतो. शिडाच्या नावेला यापेक्षा वाईट स्थिती नाही: वारा जमिनीकडे रेटतो आणि नांगर सुटला तर पाठीशी खडक. खाडीत शिरून वाचावं म्हटलं, तर खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि पावसाळ्यात लाटा नेमक्या तिथेच फुटतात. म्हणून गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँचसेवा पावसाळ्याचे तीन महिने बंद असते. यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आहे. बंदीचं मुख्य कारण माशांची वीण हे असलं, तरी बंदी नसती तरी त्या दिवसांत शहाणा तांडेल नाव बाहेर काढणार नाही.

या कामाबद्दल मराठीत लेखी नियम सापडतात ते थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या प्रकरणात पावसाळी छावणीची तजवीज सांगितली आहे. समुद्र खवळण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच आरमार छावणीला लावावं, दरसाल बंदर बदलावं, सगळी जहाजं एकाच जागी न ठेवता विभागून ठेवावीत, रात्री गस्त असावी. हे वाचताना लक्षात येतं की अमात्यांना लाटांइतकीच माणसांचीही चिंता होती. चार महिने रिकामे बसलेले खलाशी एकाच गावच्या माथी दरसाल मारले, तर त्या गावाचं काय होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटण खाडीच्या काठी खडकात खोदलेली मराठ्यांची आरमारी गोदी अजून पाहायला मिळते. जहाज भरतीच्या पाण्यावर आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरडं झाल्यावर त्याच्या तळाला हात घालायचा, हे तिथलं साधं गणित.

लाकडी होडीची शाकारणी आजही याच गणितावर चालते. मोठ्या भरतीला नाव जमेल तितकी वर आणायची. पाणी उतरलं की ती बसते. मग खाली ओंडके सरकवत, दोर लावून ‘हैस्सा’च्या तालावर ती उधाणाच्या रेषेपलीकडे न्यायची. जुलै-ऑगस्टची उधाणं उन्हाळ्यातल्यापेक्षा आत येतात, त्यामुळे मेमध्ये कोरडी दिसणारी जागा फसवी ठरू शकते. बऱ्याच ठिकाणी आता क्रेन येते आणि दिवसाचं काम अर्ध्या तासात होतं. तळ मात्र ओला असतानाच खरवडायला घ्यावा लागतो. त्याला चिकटलेली कालवं आणि शंखशिंपले एकदा उन्हात वाळले की पत्र्याने निघत नाहीत, हातोडी-छिन्नी आणावी लागते आणि तिने लाकूडही उचकटतं. इंजिन उतरतं. जाळी घरी जातात, पावसाळाभर ओटीवर बसून त्यांची डागडुजी होते.

मग झाकण. नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप पूर्वी सर्रास वापरत. आता निळी-पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री. ताडपत्री स्वस्त पडते, भराभर बांधता येते, पण तिच्या आत वाफ कोंडते आणि पहाटे आतल्या बाजूने थेंब गळतात. झापातून हवा खेळते. कामाच्या दृष्टीने झापच सरस, पण विणायला माणसं हवीत आणि ती मिळत नाहीत.

हवेचा एवढा बाऊ का, याचं उत्तर लाकडात आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड सहसा कुजत नाही. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. समुद्रात असताना होडीला भीती फळी पोखरणाऱ्या किड्याची. नाव काही आठवडे कोरडी राहिली की तो मरतो, हा शाकारणीचा एक मोठा फायदा. पण जमिनीवर आल्यावर बुरशीची पाळी सुरू होते, आणि ती सांध्यांत, खिळ्यांभोवती, जिथे पाणी थेंबभर साचतं तिथे आधी धरते. म्हणून नाव एका टोकाला किंचित उंच ठेवतात, म्हणजे आत आलेलं पाणी एका जागी येतं आणि बूच काढलं की वाहून जातं.

या लाकडाची एक वाट खानदेशातून जाते. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगलं भाडेपट्ट्याने घेतली, ती मुख्यतः सागासाठी. मुंबईच्या गोदीला जहाजबांधणीसाठी साग हवा होता. डांगचा कारभार त्या काळी खानदेशातूनच पाहिला जाई. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे तो सहज कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यांनाही लवकर गंजू देत नाही. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ साली मुंबईत मलबारी सागाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

आताच्या यॉट बहुतेक फायबरग्लासच्या. त्यांना कीड लागत नाही, पण त्यांची शाकारणी लाकडी होडीपेक्षा सोपी अजिबात नाही. आधी शिडं उतरवून गोड्या पाण्याने धुवायची, कारण मीठ राहिलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि घडीत बुरशीचे काळे ठिपके उठतात. पूर्ण वाळवून, सैल घडी घालून ती घरात नेतात. डोलकाठीच्या आतून जाणारे जाड दोर काढून घेतात, पण प्रत्येकाच्या शेपटाला आधी बारीक दोरी बांधून ती मागे सोडतात; नाहीतर ऑक्टोबरमध्ये कुणालातरी काठीच्या शेंड्यावर चढावं लागतं. इंजिनातून गोडं पाणी फिरवून मीठ काढतात, तेल बदलतात, पंपातला रबरी इम्पेलर सोडवून ठेवतात. डिझेलची टाकी मात्र रिकामी न करता काठोकाठ भरतात. अर्ध्या टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन तळाशी पाणी साठतं आणि त्या पाण्यावर जंतू वाढून फिल्टर तुंबतात. बॅटऱ्या घरी. गाद्या उभ्या. कपाटांची दारं, फळ्या, फ्रीजचं झाकण, सगळं उघडं.

बाहेर बोटीचं सगळं वजन शिशाच्या जड कीलवर घेतात. बाजूचे लोखंडी टेकू फक्त तिला उभी धरतात, आणि खरी गफलत होते ती तिथेच. मेमध्ये कडक असलेली जांभ्याची माती जुलैत रुतू लागते, म्हणून प्रत्येक टेकूखाली रुंद फळी लागते. समोरासमोरच्या टेकूंना तळातून साखळीने जोडतात आणि दर मोठ्या पावसानंतर कुणीतरी जाऊन ते पुन्हा आवळतं. ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधायची नाही. वाऱ्याने कापड फडफडलं की टेकू हळूहळू निसटतो आणि बोट आडवी होते.

युरोपातल्या बोटमालकाला एक सोय असते. हिवाळ्यात बाहेर काढलेलं फायबर मुरलेलं पाणी सोडून थोडंफार वाळतं. कोकणातल्या जुलैत हवाच इतकी ओली असते की काही वाळण्याचा प्रश्न येत नाही. तळाला आलेले फोड घासून भरायचे असतील, तर ते मेच्या उन्हात किंवा सरळ ऑक्टोबरमध्ये. पावसात ओल्यावर घातलेलं इपॉक्सी वर्षभरात सुटून येतं.

या वेळापत्रकाला मुद्दाम छेद देणारी एक बोट गोव्यात बांधली गेली. दिवाडी बेटावरच्या आपल्या कारखान्यात रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची बोट बांधली. लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांवर फायबर-इपॉक्सी. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. केप हॉर्न दक्षिणेतल्या उन्हाळ्यात गाठायचं, तर इकडचा पावसाळा संपेपर्यंत थांबून चालणार नव्हतं. दांडेकरांनीच पुढे ‘तारिणी’ बांधली, जिच्यातून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली.

इतरांसाठी मात्र अमात्यांची आठ-पंधरा दिवसांची सवलत आता अपुरी पडू लागली आहे. ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ रोजी, मासेमारीबंदी सुरू व्हायला दोन आठवडे बाकी असताना. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा शाकारणी नुकतीच आटोपत होती. क्रेनची रांग मात्र अजूनही मेच्या शेवटच्या आठवड्यातच लागते, कारण त्याआधीचे पंधरा दिवस म्हणजे सुट्टीतल्या पर्यटकांचे आणि हंगामातल्या शेवटच्या मासळीचे पैसे.

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि लाकडी होड्या परत पाण्यात जातात. पहिला दिवसभर त्या गळतात. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत फटी मिटत नाहीत, म्हणून एक जण आत बसून डब्याने पाणी उपसत राहतो. यॉटवाल्यांना घाई नसते. ऑक्टोबरमध्ये क्रेनच्या पट्ट्यांवर लटकलेली बोट पाण्याला टेकली, की पट्टे सोडायच्या आधी कुणीतरी टॉर्च घेऊन खाली उतरतं, गालिचा उचलतं आणि तळातले व्हॉल्व्ह एकेक करून तपासतं. गळती दिसलीच, तर क्रेनवाल्याला हात करून बोट परत वर घेता येते.