मुलं ४००, नमुना २

मूल बाक आपटतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. ‘नर्चर’ पद्धतीचं हे एक मूळ तत्त्व. १९६९ च्या सुमारास लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ मार्जोरी बॉक्सॉल यांनी असे छोटे वर्ग सुरू केले: १०-१२ मुलं, दोन मोठी माणसं, एकत्र नाश्ता. पुढे हाच विचार अख्ख्या शाळेला लागू होऊ लागला.

संशोधकाची अडचण इथेच सुरू होते. आधी छोट्या वर्गात नसलेल्या मुलांशी तुलना करता यायची. आता मुख्याध्यापकांपासून जेवण वाढणाऱ्या ताईंपर्यंत सगळेच वागणं बदलतात. मग त्या शाळेत तुलनेला उरतं कोण? म्हणजे अभ्यासाचं एकक मूल नाही, शाळा. दोनच शाळांतली ४०० मुलं घेतलीत, तर नमुना खरं तर २ चाच. प्रपोजल लिहिण्याआधी आपल्याकडे शाळा किती आहेत, ते मोजा.