जहाजबांधणीतील पोलादाचे वेल्डिंग : विरूपणाची कारणे व नियंत्रण

प्रस्तावना

१९२० साली इंग्लंडमधील बर्कनहेड येथे कॅमल लेअर्ड कंपनीने 'फुलगार' हे जहाज रिव्हेटऐवजी संपूर्णतः वेल्डिंगने बांधले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे मुख्यतः याच तंत्राने उभारली आणि पुढे जहाजबांधणीत वेल्डिंग रूढ झाले. मात्र या तंत्राबरोबर एक नवी समस्या आली. वेल्डिंग करताना पत्रा वाकतो, पिळतो किंवा आखूड होतो. यालाच विरूपण असे म्हणतात. आधुनिक जहाज स्वतंत्र खंडांत तयार करून नंतर ते खंड एकमेकांना जोडले जातात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'निलगिरी' ही युद्धनौका याच खंडपद्धतीने उभी राहिली. अशा बांधणीत एका खंडाची कड काही मिलिमीटर सरकली तरी शेजारच्या खंडाशी जुळणी बिघडते. म्हणून विरूपणाची कारणे व त्यावरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारणमीमांसा

एक मीटर लांबीची पोलादी पट्टी सर्वत्र सारखी १०० अंश सेल्सिअसने तापवली तर ती सुमारे १.२ मिलिमीटर वाढते व थंड झाल्यावर पूर्ववत होते. वेल्डिंगमध्ये मात्र सांध्यालगतचा अरुंद पट्टाच तापतो. भोवतालचे थंड पोलाद त्याला पसरू देत नाही. परिणामी तापून मऊ झालेला धातू जागच्या जागी दाबला जातो. थंड होताना हा भाग मूळ लांबीपेक्षा आखूड होऊ पाहतो आणि पुन्हा भोवतालचे पोलाद त्यास अडवते. या ओढाताणीचा काही अंश पत्र्याच्या आकारबदलात प्रकट होतो, तर उर्वरित अंश अवशिष्ट ताणाच्या रूपाने धातूत साठून राहतो.

पातळ पत्र्यात ही समस्या अधिक तीव्र असते. रुंदी तीच ठेवून पत्र्याची जाडी निम्मी केली, तर तो ज्या दाब-प्रतिबलाला फुगतो ते एक चतुर्थांशावर येते. त्यामुळे वजन कमी करण्यासाठी पातळ पत्रे वापरलेल्या वरच्या मजल्यांवर दोन स्टिफनरमधील पत्रा खपाटीला गेल्यासारखा दिसतो.

नियंत्रणाचे उपाय

पहिला उपाय आराखड्याच्या टप्प्यावर योजावा लागतो. वेल्ड जितका मोठा तितका सुरक्षित, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु कोनसांध्याची बाजू ६ वरून ८ मिलिमीटर केल्यास त्याची ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, तर भरावयाचा धातू १८ वरून ३२ चौरस मिलिमीटर छेदाचा, म्हणजे सुमारे ७८ टक्के अधिक लागतो. उष्णता व आकुंचन त्या मानाने वाढते. गरजेपुरताच वेल्ड देणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

दुसरा उपाय क्रमाचा. पत्र्यांचे आपसांतील सांधे आधी व स्टिफनरचे नंतर जोडणे, मध्यापासून कडांकडे जाणे, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून वेल्ड करणे आणि लांब सांधा लहान टप्प्यांत मागे सरकत पूर्ण करणे, यांमुळे आकुंचन समतोल राहते. अपेक्षित बाकाइतका उलटा बाक आधीच देण्याची पद्धतही उपयुक्त ठरते.

पत्रा शिकंज्यात घट्ट धरणे हा तिसरा उपाय होय. परंतु तो दुधारी आहे. आकार टिकतो, पण अवशिष्ट ताण वाढतो आणि जाड पोलादात तडा जाण्याचा संभव निर्माण होतो. कमी उष्णतेत सांधा जुळवणारे लेझर व आर्क यांचे संयुक्त वेल्डिंग हा चौथा मार्ग असून जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर वेर्फ्ट गोदीने त्याचा अवलंब केला आहे.

हे सर्व साधले नाही, तर ज्योतीने ठिकठिकाणी तापवून पत्रा सरळ करावा लागतो. त्यात वेळ व श्रम खर्च होतातच. शिवाय तापमान मर्यादेबाहेर गेल्यास उच्च ताकदीच्या पोलादाचे गुणधर्म बिघडतात.

समारोप

विरूपण गोदीत दिसत असले, तरी त्याचा मोठा भाग रेखाचित्रावर वेल्डचा आकार लिहितानाच ठरलेला असतो. अभियांत्रिकीच्या शिक्षणात आरेखन व कार्यशाळा हे विषय वेगळे शिकवले जातात. विद्यार्थ्याने स्वतः आरेखित केलेला सांधा स्वतः वेल्ड करून आलेला बाक मोजला, तर हा संबंध त्याच्या मनावर कायमचा ठसेल. ज्याने कागदावर दोन मिलिमीटर वाढवले, त्याला त्याची किंमत पत्र्यावर दिसली पाहिजे.