वहीतले नंबर

गहू-हरभऱ्याची शेवटची काढणी उरकली की आमचं हार्वेस्टर लिंबाच्या सावलीत उभं राहतं. लोकांना वाटतं, आता त्याला सोयाबीनच्या काढणीपर्यंत सुट्टी. पण आमच्या कामाला तेव्हाच सुरुवात होते.

मशीन जुनं आहे. पंजाबात नाभा-भादसों भागात हार्वेस्टरचे कारखाने आहेत, तिकडून आम्ही ते वापरलेलं विकत घेतलं आणि हिंगोली जिल्ह्यात आणलं. पहिले दोन दिवस त्याला फक्त कॉम्प्रेसरनं हवा मारायची. चाळण्यांखाली, पंख्याच्या तोंडाशी, इंजिनच्या कडेला भुसा बसलेला असतो. तेल प्यालेला भुसा सायलेन्सरजवळ राहिला तर पेट घेतो, आणि दाणे राहिले की उंदीर येऊन वायरी कुरतडतात. मग बेल्टचे ताण सैल करायचे आणि बॅटरी काढून घरात ठेवायची.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री येतात. इंजिनची चावी काढून आधी स्वतःच्या खिशात टाकतात. चावी खिशात गेल्याशिवाय मळणीच्या ड्रमजवळ कुणी हात न्यायचा नाही, हा त्यांचा नियम आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहे. मग बेल्ट उतरवून एकेक शाफ्ट हातानं फिरवतात. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं. बिघडलेलं बोटांना खरखर लागतं. धान्य वर नेणाऱ्या एलेव्हेटरच्या तळाचं बेअरिंग सगळ्यात आधी जातं, कारण धूळ, ओल आणि माती तिथंच साठते.

“भाऊ, कंपनीचं नाव नका सांगू, नंबर सांगा,” हे मिस्त्रींनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. बेअरिंगच्या कडेला यूसी २०७ असं कोरलेलं असतं. शेवटचे दोन आकडे पाचनं गुणायचे. साताचे पस्तीस, म्हणजे ३५ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट. २०६ असेल तर ३०. शून्य-चारपासून पुढं हा हिशेब चालतो. हा नंबर हार्वेस्टरवाल्या कंपनीचा नसतो. मळणी यंत्राला, डाळमिलला, पीठगिरणीला तीच बेअरिंगं लागतात. म्हणून मॉडेल बंद झालं तरी बेअरिंग तालुक्याच्या बाजारात मिळतं. मागायला आपल्याला नंबर यावा लागतो, एवढंच.

बेल्टवरचा नंबर मात्र घासून पुसला जातो. बी-७५ म्हणजे १७ मिलिमीटर रुंदीचा आणि आतून ७५ इंच लांबीचा बेल्ट. सी म्हणजे २२ मिलिमीटर रुंद. नंबर गेला असेल तर बेल्टच्या बाहेरून सुतळी फिरवून मोजायची. बी असेल तर त्यातून पावणेतीन इंच वजा करायचे, सी असेल तर साडेतीन. जोडीच्या बेल्टातला एक तुटला तरी दोन्ही नवे घालावेत. जुना ताणलेला असतो, तो ओढ घेत नाही आणि सगळा भार नव्यावर पडतो. चेनला पाऊण इंचाच्या दहा कड्या मोजायच्या. त्या १९०.५ मिलिमीटर भरायला हव्यात. १९४ च्या पुढं गेल्या तर चेन बदलायची.

हे सगळं मी वहीत उतरवतो. कोणत्या शाफ्टला काय आहे, कधी बदललं, किती एकर चाललं.

पण ज्याच्यावर नंबर नसतो, तो भाग मिळवताना खरा घाम निघतो. एका ऑक्टोबरात, ऐन सोयाबीनच्या काढणीत, ड्रमचा वेग कमी-जास्त करणारी दोन फाळक्यांची पुली तडकली. फाळकी जवळ आली की बेल्ट वर चढतो, लांब गेली की खाली उतरतो आणि ड्रमचे फेरे बदलतात. गव्हाला फेरे जास्त लागतात, सोयाबीनला कमी. सोयाबीनची साल पातळ असते. ड्रम जोरात फिरला तर दाण्याला मार बसतो, आणि घरचं बियाणं म्हणून ठेवलेलं पोतं पुढच्या जूनमध्ये उगवतच नाही. वेग जमत नसताना दुसऱ्याच्या रानात मशीन घालायला माझं मन धजेना. तिकडं शेंगा वाळून तडकत होत्या आणि माझा फोन वाजत होता.

दुकानात उत्तर मिळालं, “हे मॉडेल बंद झालं.” मी तुटलेली पुली पोत्यात घालून नांदेडला गेलो. पंजाबातून हंगामाला येणारे हार्वेस्टरवाले हुजूर साहिबच्या दर्शनाला तिथं येतात. त्यांच्यातल्या एका वयस्क सरदारजींनी पुली हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि असंच एक मशीन नुकतंच तोडायला गेलंय, असं सांगून भंगारवाल्याचा पत्ता दिला. भंगारात ती पुली सापडली, अजून वितळायला गेली नव्हती. भोक २ मिलिमीटरनं लहान होतं. लेथवर ते वाढवलं, शाफ्टच्या चावीची खाच नव्यानं पाडून घेतली, आणि मशीन अर्धा तास रिकामं चालवून पुली डगमगत नाही ना हे पाहिलं. यात चार दिवस गेले. ज्यांना मी शब्द दिला होता, त्यांतल्या दोघांनी मजूर लावून सोयाबीन कापून घेतलं. त्यांचा राग रास्त होता.

तेव्हापासून त्या पुलीचं, गिअरबॉक्सच्या दात्यांचं, एलेव्हेटरच्या पात्यांचं माप चित्रासह वहीत आहे. बेअरिंग आता मी तुटायची वाट पाहून बदलत नाही. हाताला गरम लागलं की काढतो. काही शे रुपयांचं बेअरिंग वाचवायला गेलो, तर ते शाफ्ट कापून ठेवतं.

जुनं हार्वेस्टर किलोच्या भावानं घालायला निघालेल्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. आधी पुल्या, गिअरबॉक्स, ड्रमखालची जाळी, स्ट्रॉ वॉकरचे क्रँक एवढं सोडवून बाजूला ठेवा आणि आसपासच्या हार्वेस्टरवाल्यांना एक फोन करा. भंगारापेक्षा दोन पैसे जास्तच मिळतील, आणि ऐन काढणीत कुणाचं तरी मशीन रानात उभं राहणार नाही.