तिसऱ्या ‘एलियन’ची रखडकथा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९१ साली अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी एक छोटी झलक दाखवली जात होती. ‘एलियन ३’ येतोय, असं ती सांगत होती. अवकाशात फोडलेली किंकाळी कुणालाच ऐकू जात नाही हे आपल्याला १९७९ मध्ये कळलं. आता १९९२ मध्ये पृथ्वीवर ती सगळ्यांना ऐकू जाणार आहे, अशा अर्थाचं निवेदन त्यात होतं. प्रेक्षकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. तो भयंकर परग्रहवासी या खेपेला पृथ्वीवर उतरणार! २२ मे १९९२ रोजी चित्रपट लागला, तेव्हा लोकांनी पाहिलं की त्यात पृथ्वी कुठेच नाही. एका उजाड ग्रहावरचा तुरुंग, मुंडण केलेले कैदी, आणि ज्यांच्यासाठी लोक सहा वर्षं थांबले होते ती माणसं पहिल्या काही मिनिटांतच मेलेली.

हे असं का झालं? यात निव्वळ फसवणूक होती, की आणखी काही? एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग पडद्यामागे कसा घडतो, किंवा घडता घडता कसा बिघडतो, हे समजून घ्यायला ‘एलियन ३’सारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. १९७९ मध्ये रिडली स्कॉट यांनी ‘एलियन’ केला. एका मालवाहू यानात सात माणसं आणि त्यांच्यात शिरलेला एक जीव, एवढीच गोष्ट. भुताच्या वाड्याची जी कथा असते तीच, फक्त वाडा अवकाशात आणि बाहेर पळायला जागा नाही. त्या जीवाचं रूप स्वित्झर्लंडचे चित्रकार एच. आर. गिगर यांनी कल्पिलं होतं. शेवटी उरते ती रिप्ली ही अधिकारी, म्हणजे सिगर्नी वीव्हर. १९८६ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांनी ‘एलियन्स’ काढला आणि गोष्टीचा बाजच बदलला. भय होतंच, पण आता ती युद्धकथा झाली. रिप्लीला या भागात न्यूट नावाची अनाथ मुलगी भेटते, हिक्स नावाचा सरळमार्गी सैनिक भेटतो, आणि बिशप नावाचा यंत्रमानव आपला शब्द पाळतो. शेवटी हे चौघे यानात दीर्घ निद्रेत जातात. प्रेक्षक घरी जातात ते एक घर जमलं या समाधानात.

चाहत्यांच्या अपेक्षेचं मूळ इथे आहे. राक्षस पुन्हा येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांना काळजी होती ती या चौघांची. चित्रपट येईपर्यंत त्यांची भूक भागवली डार्क हॉर्स या प्रकाशनाने. १९८८ पासून त्यांनी चित्रकथा काढल्या. त्यात न्यूट मोठी झाली होती, हिक्स होता, आणि परग्रहवासी पृथ्वीवरही आले होते. चाहत्यांच्या मनात तिसरा भाग असा आधीच तयार होता.

इकडे निर्मात्यांच्या हाती मात्र काहीच नव्हतं. ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स ही कंपनी पैसे घालणार होती. पहिल्या चित्रपटापासून निर्माते असलेले वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर हे दोघेही मुळात लेखक, त्यामुळे प्रत्येक पटकथेवर त्यांचा हात फिरायचाच. त्यांनी १९८७ मध्ये विज्ञान कादंबरीकार विल्यम गिब्सन यांना बोलावलं. गिब्सन यांच्या पटकथेत रिप्ली बहुतेक काळ बेशुद्ध होती आणि सगळी मदार हिक्स आणि बिशप यांच्यावर होती. दोन महासत्तांची अवकाशातली चढाओढ, असा शीतयुद्धाचा धागाही त्यात होता. ती पटकथा बाजूला पडली. फिनलंडचे रेनी हार्लिन दिग्दर्शक म्हणून आले होते, तेही मतभेद होऊन गेले. एरिक रेड यांची पटकथा आली आणि नापसंत झाली. मग डेव्हिड ट्वोही यांनी तुरुंग असलेल्या ग्रहाची कल्पना मांडली. तिच्यात रिप्ली नव्हतीच. फॉक्सचे प्रमुख जो रॉथ यांनी बजावलं की रिप्लीवाचून हा चित्रपट निघायचा नाही.

इथे एक गंमत बघा. १९८७ मध्ये ठरत होतं की रिप्ली थोडी आणि हिक्स पुष्कळ. पुढे तीनेक वर्षांत काटा दुसऱ्या टोकाला गेला: रिप्ली हवीच, बाकीचे नसले तरी चालतील. कथेची गरज म्हणून हे घडलं नाही. कोणत्या नावावर तिकिटं विकली जातील, या हिशेबाने घडलं.

मग न्यूझीलंडचे व्हिन्सेंट वॉर्ड आले. त्यांची कल्पना ऐकली की आजही थक्क व्हायला होतं. लाकडाचा बनवलेला ग्रह, त्यावर यंत्रयुगाला नाकारून राहणारे मठवासी. आकाशातून रिप्ली येऊन पडते आणि पाठोपाठ तो जीव येतो. मठवासीयांना वाटतं, हा सैतानच आला, आणि त्याला आणणारी ही बाई. वॉर्ड यांना ग्रह लाकडाचाच हवा होता. कंपनीला लाकूड पचेना. अखेर वॉर्डही गेले. श्रेयनामावलीत कथेसाठी त्यांचं नाव तेवढं उरलं. हिल आणि गायलर यांनी वॉर्ड यांचा मठ आणि ट्वोही यांचा तुरुंग एकत्र कालवला. म्हणून पडद्यावरचे कैदी धार्मिक पंथातल्या माणसांसारखे वागतात. पाहणाऱ्याला त्याचं कोडं पडतं. उत्तर असं, की तो दोन वेगवेगळ्या चित्रपटांचा सांधा आहे.

आता खरी मेख. पटकथा पक्की नसताना लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत सेट उभे राहू लागले होते. प्रदर्शनाची तारीख ठरवण्याची घाई होती. आपल्याकडे म्हण आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. इथे तर तुरी पेरलेल्याही नव्हत्या आणि भांडण मात्र जुंपलं होतं. सेटवर लाखो डॉलर खर्ची पडले की ते सेट वापरावेच लागतात. मग गोष्ट सेटाच्या मापाने बेतावी लागते. अंगरखा आधी शिवायचा आणि नंतर अंग शोधायचं, असा तो प्रकार.

या अवस्थेत दिग्दर्शनाची सूत्रं डेव्हिड फिंचर यांच्याकडे आली. वय अठ्ठावीस. जाहिराती आणि गाण्यांच्या चित्रफिती करून नाव मिळवलेलं. चित्रपट हा पहिलाच. जानेवारी १९९१ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हाही पटकथेची पानं बदलत होती. ‘ब्लेड रनर’चे नामवंत छायालेखक जॉर्डन क्रोनेनवेथ यांना पार्किन्सनच्या आजारामुळे सुरुवातीलाच काम सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी अ‍ॅलेक्स थॉमसन आले. फिंचर बारीकसारीक गोष्टींसाठी अडून बसणारे, कंपनी दिवस मोजणारी. प्रत्येक निर्णयावर लंडन आणि लॉस एंजेलिस यांच्यात ओढाताण. शेवटी कंपनीने लंडनमधलं चित्रीकरण थांबवलं. उरलेली दृश्यं नंतर अमेरिकेत घेतली गेली. संकलनही फिंचर यांच्या मनासारखं झालं नाही. पृथ्वीचं आश्वासन देणारी ती झलक दाखवली जात होती, तेव्हा पृथ्वी नसलेल्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू होऊन गेलं होतं. म्हणजे जाहिरात एका चित्रपटाची चालली होती आणि बनत होता दुसराच.

न्यूट आणि हिक्स यांना मारलं कशासाठी? यात एक व्यावहारिक अडचण होती. न्यूटची भूमिका करणारी कॅरी हेन ‘एलियन्स’च्या वेळी नऊ वर्षांची होती. तिसऱ्या भागाची गोष्ट दुसऱ्याच्या लगेच पुढची. पण एव्हाना ती मुलगी चौदा वर्षांची झाली होती. शिवाय लेखकांना रिप्ली पुन्हा एकटी हवी होती. हिक्सचं काम केलेले मायकेल बीन यांची भूमिकाच उरली नाही. हिक्सच्या प्रेतासाठी आपलं रूप वापरलं जातंय हे कळल्यावर ते भडकले. पुढे त्यांचं छायाचित्र वापरण्याबद्दल त्यांनी चांगली किंमत वसूल केली. कॅमेरॉन यांनीही, फिंचर यांच्याबद्दल आदर ठेवून, या मृत्यूंना चाहत्यांच्या तोंडात मारलेली चपराक म्हटलं. डार्क हॉर्सची गंमत वेगळीच. त्यांना आपल्या जुन्या चित्रकथांच्या नव्या आवृत्तीत हिक्स आणि न्यूट यांची नावं बदलून विल्क्स आणि बिली करावी लागली. पडद्यावर मेलेली माणसं कागदावर जिवंत कशी ठेवणार?

चित्रपटाने अमेरिकेत सुमारे साडेपाच कोटी डॉलर मिळवले. ‘एलियन्स’ने तिथेच साडेआठ कोटी मिळवले होते, आणि तेही बऱ्याच कमी खर्चात. इतर देशांत तिसरा भाग चांगला चालला, म्हणून तो बुडाला असं म्हणता येत नाही. पण फिंचर यांनी त्याच्याशी नातं तोडलं, ते आजतागायत. तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी ‘सेव्हन’ केला आणि आपण काय करू शकतो हे दाखवलं.

या भांडणात चूक कुणाची, असं मला विचारलं तर मी एका माणसाचं नाव घेऊ शकणार नाही. कंपनीने पैसे घातले होते, तिला तारीख हवी होती. निर्मात्यांना ती गोष्ट आपली वाटत होती, कारण पहिल्या दिवसापासून ते तिथे होते. सिगर्नी वीव्हर तोवर सहनिर्माती झाल्या होत्या. त्यांना दुसऱ्या भागातला बंदुकांचा अतिरेक नको होता. दिग्दर्शकाला आपली सही हवी होती. प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं. फक्त ‘हा चित्रपट कशाबद्दल आहे’ हे सांगणारा एक माणूस नव्हता. पहिल्या भागाला स्कॉट होते, दुसऱ्याला कॅमेरॉन. तिसऱ्याला माणसं पुष्कळ होती, पण धनी नव्हता.

आणि प्रेक्षक? कायद्याने रिप्ली फॉक्सच्या मालकीची. पण न्यूट जगावी असं ज्याला वाटतं, तो काही कायदा बघून वाटून घेत नाही. त्याने तिकीट काढलेलं असतं, शिवाय जीव लावलेला असतो. त्याला कथेत हवं ते मिळालंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. मनासारखंच घडणार असेल, तर भयपटात भय कसलं? पण माणसं मारायची तर त्या मरणाला कथेत वजन हवं. इथे त्यांचं मरण म्हणजे आधीचा पसारा आवरण्याची सोय, असं वाटतं. चाहत्यांचा राग मला पटतो तो एवढ्यासाठी.

तरीही या चित्रपटाला मी टाकाऊ म्हणणार नाही. २००३ मध्ये चारही भागांचा डीव्हीडी संच निघाला, तेव्हा ‘एलियन ३’ची सुमारे अर्ध्या तासाने मोठी आवृत्ती जुन्या कच्च्या संकलनावरून जुळवण्यात आली. फिंचर यांनी त्यात भाग घेतला नाही. या आवृत्तीत तो जीव कुत्र्याऐवजी बैलातून जन्मतो, कैद्यांची श्रद्धा कळते, आणि न्यूटच्या मरणाचा शोक करायला रिप्लीला थोडी उसंत मिळते. हरवलेल्या चित्रपटाची निदान सावली दिसते. शेवटी रिप्ली पोटातल्या जीवासकट भट्टीत उडी घेते. १९९७ च्या चौथ्या भागात कंपनीने तिची प्रतिकृती जन्माला घालून तोही निरोप पुसून टाकला.

पण आशा चिवट असते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प यांनी आपल्या कल्पनेतल्या भागाची चित्रं लोकांपुढे ठेवली. त्यात वीव्हर होत्या आणि भाजलेल्या चेहऱ्याचा हिक्ससुद्धा होता. चाहते हरखले, कंपनीनेही होकार दिला. पण रिडली स्कॉट यांचा ‘एलियन: कोव्हेनंट’ त्याच घरात तयार होत होता. आधी ब्लोमकॅम्प यांचा चित्रपट लांबणीवर पडला आणि २०१७ मध्ये स्कॉट यांनीच तो होणार नसल्याचं सांगून टाकलं. पुन्हा तेच: दोन स्वयंपाकी, चूल एक.

गिब्सन यांच्या पटकथेला मात्र उशिरा न्याय मिळाला, आणि तो आपल्या, म्हणजे आवाजाच्या माध्यमात. २०१९ मध्ये तिचं श्राव्य नाटक झालं. हिक्सचा आवाज मायकेल बीन यांनी दिला, बिशपचा लान्स हेन्रिक्सन यांनी. बत्तीस वर्षांपूर्वी लिहिलेला तिसरा भाग कानांनी का होईना, पुरा झाला. तिथे ना सेट लागले, ना मुलीचं वाढलेलं वय आडवं आलं.

त्याच वर्षी फॉक्स डिस्नेच्या ताब्यात गेलं. २०२४ मध्ये फेडे आल्वारेस यांचा ‘एलियन: रोम्युलस’ आला. पहिल्या दोन भागांच्या मधल्या काळातली गोष्ट निवडून त्याने तिसऱ्या भागाच्या वादाला हातच लावला नाही. आणि २०२५ मध्ये ‘एलियन: अर्थ’ ही मालिका आली, तेव्हा ‘एलियन’च्या मुख्य कथामालिकेत तो जीव एकदाचा पृथ्वीवर उतरला. झलकेतला शब्द पाळला गेला, फक्त चौतीस वर्षांनी, दुसऱ्याच मालकाकडून.

एखाद्या आवडत्या चित्रपटाच्या पुढच्या भागाची बातमी आली, की मी अलीकडे नटांची नावं आणि खर्चाचे आकडे वाचायच्या आधी एकच गोष्ट शोधतो: पटकथा पुरी झाली आहे का? ती नसताना प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली असेल, तर मी अपेक्षा थोडी आवरती घेतो. तुम्हीही घ्या. चित्रपट जरूर बघा, पण झलकेवर विसंबून जीव टांगणीला लावू नका.