नाव विसरलेल्या कादंबरीचा माग

श्रद्धा डळमळलेला धर्मगुरू एवढाच लक्षात आहे, कादंबरीचं नाव काही केल्या आठवत नाही. अशा वेळी मुखपृष्ठाच्या रंगापेक्षा एखादा प्रसंग जास्त कामाचा.

सतराव्या शतकातल्या जपानमध्ये येशूची प्रतिमा तुडवायला लावलेला पोर्तुगीज पाद्री? मग ती शुसाकू एन्दोंची १९६६ची ‘सायलेन्स’. चर्च सोडून लंडनच्या गरिबांत राबणारा? ती मिसेस हम्फ्री वॉर्ड यांची ‘रॉबर्ट एल्समीर’, १८८८ची.

तळ्याकाठचं स्पॅनिश गाव आठवत असेल, तर शोध मिगेल दे उनामुनोंपाशी संपतो. त्यांची ‘सान मान्युएल बुएनो, मार्तिर’ १९३१ची, अगदी छोटी. सगळं गाव एका सुरात धर्मवचन म्हणतं, पण मृत्यूनंतरच्या जीवनाचा उल्लेख आला की गावचा धर्मगुरू डॉन मान्युएल गप्प होतो. गावकऱ्यांच्या आवाजात ते कुणाच्या ध्यानात येत नाही. स्वतःचा विश्वास उडालाय, तरी लोकांचा मोडू नये म्हणून हा भला माणूस आयुष्यभर झिजतो. ही विलक्षण हेलावणारी कहाणी सांगते त्याच गावातली आंखेला.